गल्लीतलं शेवटचं बीटा

बीटा हरलं असं कुणी म्हणालं की माझं डोकं आजही फिरतं. परवा भाच्यानं मोबाइलवर वाचून दाखवलं. म्हणे, घरी सिनेमा बघायची दोन प्रकारची मशीनं होती, बीटा आणि व्हीएचएस. दोघांची जुंपली आणि बीटा आपटलं. मी म्हटलं, आपटलं तर आपटलं, तुझं व्हीएचएस तरी आता कुठं नांदतंय? भंगारवालासुद्धा हात लावत नाही त्याला. पोरगं हसायला लागलं. त्याला वाटलं, आत्या गंमत करते. मी गंमत करत नव्हते. ते आपटलेलं मशीन माझ्या घरात होतं आणि त्यानं आमच्या गल्लीत काय केलं ते मला ठाऊक आहे.

मशीन दिलं माझ्या भावानं. माहेर वैजापूरचं, कांदा-कापसाचं घर. भाऊ आखातात नोकरीला गेला आणि पहिल्या सुट्टीला आला तो नेमका दिवाळीत. भाऊबीजेला मी ओवाळलं, तर ह्यानं पाटाशेजारी हे एवढं खोकं ठेवलं. आई म्हणाली, "अरं, बहिणीला साडी देत्यात का मशीन?" तो म्हणाला, "साडी फाटती. हे नाय फाटायचं." ओवाळणीत व्हीसीआर मिळालेली बाई साऱ्या तालुक्यात मी एकटीच असेन. मी तो मिरवतच संभाजीनगरला घेऊन आले.

आमचं घर पुंडलिकनगरात. तेव्हा ते नुसतं उगवत होतं. जिकडं बघावं तिकडं वाळूचे ढीग, उघड्या सळया, अर्धवट जिने. कंपन्या निघत होत्या, माणसं येतच होती, कुणी बीडकडून, कुणी जालन्याकडून, आणि येणारा प्रत्येक जण पहिल्यांदा विचारायचा, पाणी हाय का? नव्हतं. पाऊस दोन वर्षं तोंड दाखवून गेलेला. बोअरमधून नुसती हवा यायची. नळ चार-पाच दिवसांनी सुटायचा, तोही पहाटेच्या आधी, आणि करंगळीएवढी धार. दुपारी टँकर यायचा. आला तर आला.

पाणी भरायचं काम बायांचं. त्यात कुणाला काही विचारायची सोयच नव्हती. नवरे कंपनीत, पोरं शाळेत, आणि आम्ही हंड्यांची रांग लावून उन्हात. रस्ता माझ्या घरासमोर रुंद होता म्हणून टँकर तिथंच थांबायचा. मग मी म्हटलं, उन्हात कशाला मरता, आत या. हंडे राहू द्या रांगेत, तुम्ही सिनेमा बघा. असा आमचा दोनचा सिनेमा सुरू झाला. टँकरचा हॉर्न वाजला की मी पॉज दाबायचे, हिरॉइन एक हात वर करून थांबायची आणि आम्ही घागरी घेऊन पळायचो. ओल्या पदरानं परत येऊन बसायचो आणि तिचा हात खाली आणायचो.

समोरच्या घरातली सून ह्या सिनेमाला यायची. लग्न होऊन दोन उन्हाळे झाले असतील. घर भरलेलं, नऊ माणसं, आणि पाण्याला ती एकटी. नळ सुटायच्या वेळी उठायची ती दिवस मावळेस्तोवर पाठ टेकायची नाही. तिची सासू लई कडक. गुडघे धरलेले, त्यामुळं ओट्यावरच्या खुर्चीत बसून सगळ्या गल्लीवर नजर. ह्या सासूला गोष्टींचं भारी वेड, पण माझ्या घराच्या पायऱ्या तिला चढवत नव्हत्या. म्हणून सुनेला सोडताना तिनं अट घातली. "जा. पण येऊन मला समदी ष्टोरी सांगायची. अर्धवट नाय चालायची."

पहिल्या दिवशी सून आली, भिंतीला टेकून बसली आणि नावं यायच्या आधीच झोपली. तोंड उघडं, हात उताणे. आम्ही बघतच राहिलो. गल्लीत ब्लाऊज शिवणाऱ्या वहिनी होत्या, त्यांचं तोंड लई फटकळ. त्या म्हणाल्या, "कामून आली मग ही?" मी म्हटलं, "झोपायलाच आलीय. झोपू द्या की, तुमचं काय जातंय?" सिनेमा संपला तसं तिला हलवलं. ती इतकी दचकली की रडायलाच लागली. "आता सासूबाईंना काय सांगू?" मग ब्लाऊजवाल्या वहिनी तिच्यापुढं फतकल मारून बसल्या आणि पाच मिनिटांत सगळा सिनेमा ओतला. कोण कुणाचा भाऊ, कुणाला गोळी लागली, लग्न कुणाचं लागलं. पोरगी ओठ हलवत पाठ करत होती.

तोच रिवाज पडला. ती यायची, झोपायची, आणि निघताना आम्ही तिला सिनेमा भरवून पाठवायचो. माझी उशीसुद्धा तिच्या नावाची झाली. टँकर आला की तिला उठवायचो, हंडे भरून ती परत आडवी. दिवसातली तेवढीच झोप होती तिची. घरी दुपारी आडवं व्हायची सोय नव्हती, नव्या सुनेनं दुपारी झोपणं म्हणजे घराण्याची अब्रूच जायची जणू! मला भयंकर राग यायचा. पण राग येऊन काय करते? मशीन लावायचे.

आणि तेवढ्यात बीटाची घरघर लागली. कोपऱ्यावरच्या व्हिडिओ लायब्ररीत गेले तर तो म्हणाला, "ताई, बीटाचं आम्ही बंद केलं. नवीन समदं व्हीएचएसवर यायलंय." बीटाच्या कॅसेटी त्यानं पोत्यात भरून ठेवल्या होत्या. मी ते पोतंच उचललं. रिक्षावाल्याला वाटलं कांदे आहेत. घरी येऊन बघितलं तर वीसेक सिनेमे निघाले, त्यातले निम्मे आम्ही आधी पाहिलेले. बाकीच्यांनी नाकं मुरडली, मी म्हटलं, हेच बघायचे. पुन्हा पुन्हा बघायचे. ज्याला नवीन पाहिजे त्यानं थेटरात जावं.

आमच्या घरात मात्र कुजबुज वाढली. आमचे हे तसे गरीब स्वभावाचे, पण मोठे दीर रविवारी यायचे आणि कान भरायचे. "मेलेलं मशीन कशाला पोसतो? शहागंजच्या बाजारात एक्स्चेंजवर घेतात. अजून घेतात तोवर दे." आणि पुढं खाली आवाजात, "बायांचा अड्डा झालाय घराचा." मला सगळं ऐकू जात होतं. मी मुद्दाम चहात साखर कमी घालायचे.

उन्हाळ्यात आई आजारी पडली म्हणून मी वैजापूरला गेले. परत आले तर टेबल रिकामं. नुसता माझा क्रोशाचा रुमाल घडी करून ठेवलेला. ह्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "दादानं शहागंजात नेऊन ठेवलंय. चार दिवसांत व्हीएचएस देणार हाय दुकानदार." मी काहीच बोलले नाही. मी बोलत नाही तेव्हा आमचे हे घाबरतात, ते त्यांचं बरोबर आहे. तेवढ्यात दोन वाजले. समोरची सून नेहमीसारखी दारात येऊन उभी राहिली, टेबलाकडं बघितलं आणि अगदी बारीक आवाजात म्हणाली, "उद्यापासनं नाय का मग?" डोळ्यांखाली काळं झालेलं. मी वैजापूरला होते तितके दिवस पोरगी झोपली नव्हती.

मी पायात चपला सरकवल्या. ब्लाऊजवाल्या वहिनी टँकरच्या रांगेत होत्या, त्यांना हाताला धरून ओढलं. "हंडा?" "राहू द्या हंडा!" रिक्षा करून थेट शहागंज. दुकान गजबजलेलं, दुकानदार पानाचा तोबरा भरून बसलेला. मी म्हटलं, "माझं मशीन द्या." तो म्हणाला, "भाभी, वो तो एक्स्चेंज में आया. भाईसाब खुद देके गए."

"भाईसाब कोण? मशीन माझं आहे."

"अब घर का माल तो घर का रहता ना, भाभी."

"घराचं नाही! भाऊबीजेची ओवाळणी आहे ती. ओवाळणी विकायची असती का? तुमच्या बहिणीला ईदीत दिलेलं तिचा जेठ बाजारात ठेवून आला तर तुम्ही घ्याल का ते?"

त्याचं पान चावणं थांबलं. ब्लाऊजवाल्या वहिनींनी मागून आवाज चढवला, "अन् घेतलं तर काय तोंड दाखवाल बहिणीला?" गिऱ्हाईकं बघायला लागली. दुकानदारानं पोऱ्याला हाक मारून मशीन काढायला सांगितलं आणि माझ्यापुढं ठेवताना कळकळीनं म्हणाला, "ले जाओ, आपा. लेकिन सच बोलरा मैं, इसका जनाजा निकल गया. पिक्चर नै मिलेंगे, पार्ट नै मिलेंगे. क्या करेंगे इसकू लेके?" मी म्हटलं, "मिरवू." परत येताना मांडीवर मशीन घेऊन मी रिक्षात अशी बसले होते की जणू तान्ह्या बाळालाच घरी आणतेय.

त्या रविवारी मोठे दीर आले. मशीन जागेवर दिसलं. मी चहा ठेवला. चहात साखर अजिबातच घातली नाही.

पण दुकानदार खोटं बोलत नव्हता. चहूबाजूंनी बांधकामं, सिमेंटची धूळ आत शिरायची. आधी पडद्यावर मुंग्या आल्या. मी बनियनच्या फडक्यानं, स्पिरिटनं पुसत राहिले. मग चित्र गेलं, नुसता आवाज राहिला. आम्ही आवाजावर बघितला सिनेमा! चित्र पाठच होतं सगळ्यांना. आणि एका दुपारी आवाजही बसला. मेकॅनिकनं उघडून बघितलं आणि हात पुसले. म्हणाला, हेड गेलं, बीटाचं हेड आता मुंबईतसुद्धा मिळायचं नाय. तो गेल्यावर मी मशीनवर डोकं टेकून रडले. खोटं कशाला सांगू, माणूस गेल्यासारखी रडले.

दोन वाजता बाया आल्या. मी सांगितलं, मेलं. सगळ्यांची नजर समोरच्या सुनेकडं गेली, ती उंबऱ्यातच थांबली होती. तिची सासू तिला सिनेमाला सोडायची, माझ्या घरी सोडत नव्हती. सिनेमा नाही तर येणं नाही, येणं नाही तर झोप नाही. मी म्हटलं, "आत ये. दार लाव. उशी घे." ब्लाऊजवाल्या वहिनी म्हणाल्या, "अन् ष्टोरी?" मी म्हटलं, "आपण काढू की. तुमच्या तोंडाला कधी कमी पडलंय का काही?"

असं आमचं बीटा मेल्यावर नवीन सिनेमे काढायला लागलं. रोज एक! साऱ्या शहरात व्हीएचएसवाल्यांकडं नसतील इतके. खिडकीचा पडदा ओढायचा, आवाज दबका ठेवायचा, आणि पोरगी झोपलेली असताना आम्ही डोकी लावून ष्टोरी रचायचो. हंड्यात सापडलेला हार काय, विहिरीत उतरलेला नवरदेव काय. पाच वाजता तिला उठवून भरवायची आणि पाठवायची. घरी नवऱ्यांनासुद्धा कुणी पत्ता लागू दिला नाही. आमचे हे कंपनीतून आले की मी मशीनवरचा रुमाल सरळ करायचे.

घोळ झाला तो ब्लाऊजवाल्या वहिनींमुळं. त्यांनी एक टँकर-ड्रायव्हरची ष्टोरी रचली. लाखात एक. ड्रायव्हर लहानपणी दुष्काळात हरवलेला, आई त्याच्याच टँकरवर रोज पाणी भरायची आणि दोघांना ओळख नाही. रचताना आम्हीच नाक पुसत होतो. सून घरी गेली, सांगितली. दुसऱ्या दिवशी सासू ओट्यावरून मला हाक मारून म्हणाली, "हल्ली शिनेमे लई चांगले निघायलेत गं. ती टँकरवाल्याची परत लावशील का? मला बघायचीय." मी म्हटलं, "लावीन की, काकू. पण तुमचे गुडघे?" "गुडघ्यांचं मी बघते," म्हणाली. मला वाटलं, बोलायचं म्हणून बोलली.

आणि दोन-चार दिवसांनी भर दुपारी दार ढकललं गेलं. काठी आधी आत आली, मग सासू. पायऱ्या चढून धाप लागलेली. आम्ही सगळ्या जागच्या जागी गार. टीव्ही काळा. मशीनवर रुमाल. मधोमध सून जमिनीवर पसरलेली, डोक्याखाली माझी उशी, गाढ. तिला उठवायचंही कुणाला सुचलं नाही. मला एवढंच कळलं की संपलं आता. उद्यापासून ही पोरगी त्या घरात कोंडलेली, आणि गल्लीत बोभाटा.

सासूनं आधी टीव्हीकडं बघितलं. मग आमच्याकडं, एकेकीकडं. मग सुनेकडं बघितलं ते बघतच राहिली. सुनेच्या तळव्यांना हंड्यांचे घट्टे पडलेले, हात तसेच उताणे. सासू काठी धरून हळूहळू खाली बसली, भिंतीला पाठ लावली आणि पाय लांब केले. मग ती काळ्या टीव्हीकडं बोट करून मला म्हणाली,

"आवाज लई मोठा हाय गं. बारीक कर जरा. पोरगी झोपलीय."

मी उठले आणि बंद टीव्हीचं बटण फिरवलं.