जोतिबा भोयाची बैठक

मी गावचा सुतार. बैलगाडीची चाकं, कुळव, दारं-चौकटी यातच माझा जन्म गेला. जोतिबा भोयासाठी मात्र मी होडीत बसायच्या बैठका केल्या. एक नाही, तीन. त्यातली दुसरी इतकी नामी जमली होती की गाव बघायला आलं होतं. तिनंच त्याचा घात केला.

सांगलीच्या वरच्या अंगाला, कृष्णेच्या काठावर आमचं गाव. भोयांची नऊ घरं, सगळी नदीकडेला. जोतिबा त्यांतला एक. बुटका, रुंद छातीचा, बोलायला जरा तिरकस. त्याला आणि त्याच्या बायकोला, राहीबाईला, मूलबाळ नव्हतं. एक होडी, दोन-तीन जाळी आणि नदी, एवढाच त्यांचा संसार. गावाच्या खाली नदी वळण घेते तिथं हत्तीडोह म्हणून मोठा डोह आहे. त्या डोहात मरळ कुठं बसते, वाम कुठल्या कपारीत शिरते, हे जोतिबा घरातल्या फडताळासारखं सांगायचा.

भोयाचा दम मोठा, म्हणून कुणाचं काही विहिरीत पडलं की त्यालाच बोलावणं यायचं. घागर पडो, नाहीतर इंजनाचा फुटबॉल. फुटबॉल म्हणजे पाइपाच्या तळाला असते ती झडप. बहात्तरचा दुष्काळ त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात पार शिगेला पोचला होता. एरवी ज्या विहिरीत दोन पुरुष पाणी असायचं, तिथं गुडघाभर राहिलं होतं. अशाच एका विहिरीत जोतिबाला नाडा बांधून खाली सोडत होते. नाडा कप्पीवरून घसरला. वीस-बावीस हातांवरून तो खालच्या कातळावर बुडावर आदळला.

मिरजेच्या दवाखान्यात तो तीन महिने होता. जीव वाचला. पण कमरेखालचं सगळं गेलं. पायाला चिमटा काढला तरी त्याला कळायचं नाही. लघवीला नळी, शी-शूचं सगळं राहीबाईच्या हातात. घरी आल्यावर दीड वर्ष तो सोप्यात बाजेवर पडून होता. दारातून नदी दिसायची. तो दाराकडं पाठ करून पडायचा.

चौऱ्याहत्तरच्या दिवाळीनंतर त्यानं मला बोलावलं.

"भाऊसो, माझं हात बघ." त्यानं दंड पुढं केले. ते आधीपेक्षा जाड झाले होते. बाजेवर अंग ओढून ओढून. "वल्हं माराया पाय लागत न्हाईत गड्या."

"मग?"

"बुड ठरत न्हाई. फळीवर बसलो की पोत्यावानी कलंडतोय. टेकाया पाठ पायजे, कडंला हात पायजेत. आन ती बैठक काढता आली पायजे."

"का? ठोकूनच टाकतो की घट्ट."

"ठोकू नगंस. जाळी कुठं ठिवायची? डांबर लावाया होडी पालथी कशी घालायची? आन मला उचलून न्ह्यायचं ते बैठकीसकटच. तू एका अंगाला, ही एका अंगाला."

राहीबाई चुलीजवळून म्हणाली, "आन बांधायचं न्हाई ह्यास्नी बैठकीला. होडी पालथी झाली तर?"

पहिली बैठक मी शाळेतल्या एका मोडक्या खुर्चीची केली. पाय कापले, खाली फळी मारली, फळी होडीच्या दोन्ही कडांवर खाचेत बसवली. पण खुर्ची उंच पडली. काठापासून दहा हातांवर गेल्यावर जोतिबानं जोरात वल्हं ओढलं, आणि खुर्चीसकट तो पाण्यात गेला. मी कपड्यानिशी उडी टाकली. बघतो तर गडी हातांनीच पोहत काठाला येतोय, आणि हसतोय. दीड वर्षात पहिल्यांदा हसला असेल.

"बैठक खाली घे," तो म्हणाला. "बुड पाण्याच्या बरोबरीला येऊ दे."

मग मी तासगावला गेलो. तिकडं द्राक्षबागावाल्यांचे ट्रॅक्टर होते, त्यामुळं भंगारात ट्रॅक्टरच्या जुन्या लोखंडी बैठका मिळायच्या. परातीसारख्या खोलगट, बुडाच्या आकाराच्या, पाणी निथळायला मधे भोकं पाडलेल्या. तीन बैठका मी मांडल्या आणि एकेकीवर बसून बघितलं. माझ्या बुडाला जी बरी वाटली ती निवडली.

ती बाभळीच्या जाड फळीवर बोल्टानं बसवली. पाठीला सागाच्या दोन पट्ट्या, कडेला हात ठेवायला दोन आडवे तुकडे. वर राहीबाईनं गोधडीचा तुकडा शिवला. खाचेतून उचलली की सगळी बैठक अलगद निघायची. जोतिबाला त्यात बसवला तेव्हा तो असा चपखल बसला, जणू ट्रॅक्टर बनवणाऱ्यानं त्याचंच माप घेतलं होतं.

"टोचतंय का कुठं?" मी विचारलं.

"छ्या! लय झ्याक हाय."

हा प्रश्न मी त्याला पंधरा दिवसांत दहा वेळा तरी विचारला असेल. दर वेळी तो हेच म्हणाला. खोटं बोलत नव्हता.

ती थंडी त्यांची सुखाची गेली. सकाळी मी आणि राहीबाई बैठकीसकट त्याला उचलून होडीत ठेवायचो. तो वल्ही मारायचा, राहीबाई पुढं उभी राहून जाळं फेकायची. तिला ते नीट यायचं नाही, आणि हा मागून शिव्या द्यायचा. दुपार कलली तरी परतायचे नाहीत. हत्तीडोहातली मरळ पुन्हा बाजारात दिसायला लागली. फौजेतून गावी परतलेल्या लालासाहेब हवालदारानं ती बैठक बघून मला सगळ्यांसमोर शाबासकी दिली. मी आठ दिवस फुगून होतो.

माघात एकदा राहीबाई माझ्या कामाच्या जागी, सुतारमेटात आली. एरवी ती दारातून हाक मारायची, त्या दिवशी आत येऊन उभी राहिली.

"भावजी, जरा घरी चला."

जोतिबा पालथा पडला होता. तिनं धोतर बाजूला केलं. माकडहाडाच्या जागी मूठ जाईल एवढी जखम झाली होती, कडा काळ्या पडलेल्या. वास येत होता. दोन दिवसांमागं धोतराला जरासा डाग दिसला होता, तिला वाटलं माशाचं रगत असंल.

"जोतिबा, लेका, टोचत न्हवतं का रं?"

त्यानं मान वळवून माझ्याकडं बघितलं.

"टोचाया काय हाय तिथं?"

मला तोपर्यंत खरंच सुचलं नव्हतं. ज्याला कळत नाही त्याला मी विचारत बसलो होतो. हाताला, पाठीला बरं वाटत होतं, तेवढंच तो सांगत होता.

मिरजेच्या दवाखान्यातली सिस्टर पोक्त बाई होती. जखम धुता धुता तिनं विचारलं, "दर वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन बूड उचलायचं, हे घरी जाताना सांगितलं होतं. उचलत होता का?"

राहीबाईच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. "मला वाटलं ते बाजेवरचं हाय. होडीत बी उचलायचं व्हतं व्हय?"

"कुठंही बसलं तरी. हाड आतून दाबतं, कातडी मरते. लोखंड काय, गादी काय."

राहीबाई बाहेर येऊन व्हरांड्यात बसली, आणि स्वतःच्याच थोबाडीत दोन मारून घेतल्या. मी तिचा हात धरला नाही. मला तरी कुठं कळलं होतं?

जोतिबा साडेचार महिने पालथा होता. जखम भरून वर कातडी आली तेव्हा पंच्याहत्तरचा पावसाळा लागला होता. ट्रॅक्टरची बैठक मी जखम दिसली त्याच आठवड्यात मोडली होती. पण त्याचं टुमणं सुरूच: दुसरी कर.

मी म्हणालो, "मला कळत न्हाई रं कशी करायची ती."

तेव्हा राहीबाई म्हणाली, "मी बसून बघते. मला कळतंय न्हवं?"

पाऊस उघडल्यावर ती तीन दिवस माझ्या सुतारमेटात येऊन बसली. पहिल्या दिवशी कापसाच्या उशीवर, दुसऱ्या दिवशी लव्हाळ्याच्या गादीवर, तिसऱ्या दिवशी ट्रकच्या ट्यूबवर, अर्धीच हवा भरलेल्या. सकाळी बसायची ती भाकरीच्या वेळेपर्यंत हलायची नाही. जोतिबाला हलता येत नाही, मग आपणही हलायचं नाही, असा तिचा हट्ट. पाण्याला जाणाऱ्या बाया दारात थांबून तोंडाला पदर लावून हसायच्या. हिचे डोळे दुखण्यानं पाणावलेले असायचे.

"हितं हाड लागतंय, भावजी. ह्या अंगाला." ती बोट दाखवायची, मी फळीवर खडूनं खूण करायचो.

कापूस दबून दगड झाला. लव्हाळा ओला झाला की कुजायचा. ट्यूबच बरी ठरली. खुणांच्या जागी मी फळी पटाशीनं कोरून खड्डा केला, वर ट्यूब, ट्यूबवर तंबूचं कापड. बैठक निघायची, धुवायची, उन्हात घालायची. माझ्या हातून इतकं बारीक काम पुन्हा झालं नाही.

लालासाहेबानं आपलं मनगटी घड्याळ राहीबाईला दिलं. तिला आकडे येत नव्हते. तो म्हणाला, "मोठा काटा वर सरळ असताना बसवायचं. उजव्या अंगाला खाली कलला, हितं आला, की उचलायचं. मग डाव्या अंगाला तेवढाच आला की, मग परत वर सरळ झाला की." ती दर वेळी "उचला!" म्हणायची आणि जोतिबा वल्ही सोडून हातांवर अंग तोलायचा. तेवढ्यात होडी धारेला लागून वाहायला लागायची. कधी जाळं गुंतायचं. कधी मासा निसटायचा, मग तो म्हणायचा, "जरा थांब की!" ती थांबायची. काय करणार?

शहात्तरच्या संक्रांतीला जखम पुन्हा उघडली. त्याच जागी.

सिस्टरनं बैठक आणायला लावली होती. उलटसुलट करून बघितली, ट्यूब दाबून बघितली. "ह्याहून चांगली मी सांगू शकत नाही," ती म्हणाली. "दोष हिचा नाही. ती जागा आता कायमची कच्ची. जखम भरली तरी दिवसाकाठी एकदा वीस मिनिटं बसू दे. त्यावर नाही."

ती बैठक काखोटीला मारून मी एस.टी.नं परत आलो. तिच्यात सुधारायला काही उरलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

जखम भरायला ह्या खेपेला वर्ष गेलं. मग वीस मिनिटांचं सुरू झालं. रोज सकाळी होडीत बसायचं, जरा वर, जरा खाली, की परत. हत्तीडोह गाठायलाच अर्धा तास लागतो. वळणाच्या अलीकडं शेवऱ्यांचं बन आहे, तिथवर गेलं की काटा निम्मा कललेला असायचा आणि परतीचा वेळ धरून राहीबाई होडी फिरवायला सांगायची.

एक दिवस त्यानं फिरवली नाही.

"चल तसंच म्होरं."

"न्हाई. काटा आलाय."

"काट्याच्या आयला. एक डाव बघू दे."

"आवं, पुन्यांदा वरीसभर पालथं पडायचंय का तुमास्नी?"

तो वल्ही मारत राहिला. तिनं पुढं होऊन त्याच्या हातातलं एक वल्हं हिसकून घेतलं. ताकद त्याची जास्त, पण तिनं ओढलं तेव्हा त्याला पाय रोवता आले नाहीत. होडी तिनं उलट्या धारेनं परत आणली. काठावर मी उभा होतो. दोघं रडत होती. एकमेकांकडं बघत नव्हती.

त्यानंतर तो होडीत बसेना. जेवण अर्ध्यावर टाकायचा. बाजेवर पुन्हा दाराकडं पाठ. सात-आठ दिवसांनी राहीबाई माझ्याकडं आली.

"भावजी, काय करू वो? न्हेलं तर अंग सडतंय, न्हाई न्हेलं तर असं. मी वैरीण झालीया त्येंची."

मी पटाशीला धार लावत राहिलो. ती बराच वेळ बसली, आणि जाताना उंबऱ्यात थबकून म्हणाली, "बैठकच काढली तर?"

दुसऱ्या दिवशी आम्ही बैठक काढून काठावर ठेवली. होडीच्या तळाला पाचट पसरलं, त्यावर दोन वाकळा, आणि जोतिबाला पालथा घातला. छातीखाली उशी, हनुवटी होडीच्या कडेवर. वल्ही ओढायला राहीबाई बसली, मी पुढं. वल्हं त्याच्या हातात येणार नव्हतं. हे त्याला होडीत घातल्यावर समजलं.

"मेल्यालं मासं बी असंच पडत्यात," तो म्हणाला. काठावर धुणं धुणाऱ्या बाया बघत होत्या. त्यानं तोंड वाकळेत खुपसलं. आम्ही तसंच पुढं गेलो. शेवऱ्यांचं बन मागं पडलं. वळण आलं, पाणी काळं झालं. त्यानं मान वर काढली आणि खाली डोहात बघायला लागला. मग हात पाण्यात सोडून म्हणाला, "गाळ भरलाय. कपार बुजलीया."

राहीबाईनं जाळं टाकलं आणि त्याची दोरी त्याच्या हातात दिली. त्यानं ती धरली. थोड्या वेळानं म्हणाला, "ओढ. उजव्या अंगाला ओढ, अगं, उजव्या!" एक वाम आली, आणि बारकी मासळी.

दीड वर्ष तो असा जात होता, आठवड्यातून दोनदा, नदीला पाणी असेल तेव्हा. त्याला ते आवडायचं असं मी म्हणणार नाही. पालथं पडून मान दुखायची, तोंडावर पाणी उडायचं, काठावरून कुणी हाक मारली तर तो बघायचा नाही. वल्हं मारायला मिळालं नाही याचं दुःख त्यानं कधी लपवलं नाही. पण होडी सुटायची वेळ झाली की तोच हाका मारायचा. राहीबाई जाळं फेकायला शिकली. नंतर नंतर तो शिव्या द्यायचा थांबला. तिला तेच खटकायचं.

अठ्ठ्याहत्तरच्या श्रावणात त्याला थंडी वाजून ताप आला. लघवीत पू झाला होता. नदीला पूर होता, पलीकडची वाट बंद. दोन दिवस आम्ही काठावर उभं राहून पाणी उतरायची वाट बघितली. मिरजेला पोचलो तेव्हा त्याला कुणाची ओळख लागत नव्हती. तिसऱ्या दिवशी तो गेला.

राहीबाईनं होडी विकली नाही. पूर ओसरल्यावर, दसऱ्याच्या आधी, ती आणि तिची जाऊ चंद्राबाई होडी घेऊन खाली गेल्या. मी सुतारमेटाच्या दारातून बघत होतो. वळणावर होडी दिसेनाशी झाली, आणि मी एका गाडीच्या चाकाच्या लोखंडी धावेला हात घातला. त्या दिवशी काम काही नीट झालं नाही.