पिंपावर बसलेल्या वहिनी

समोरच्या घराचा स्लॅब टाकला जात होता, त्या सकाळी घरमालकीण पाण्याच्या पिंपावर झाकण ठेवून त्यावर बसल्या आणि मटार सोलू लागल्या.

सिमेंट, वाळू आणि खडी यांचं प्रमाण इंजिनिअरने आधीच ठरवून दिलं होतं. त्यावर मिक्सरपाशी वाद नव्हता. वाद होता तो पाण्याचा.

"वहिनी, उठा जरा. माल घट्ट झालाय, पोरांचे हात भरून आलेत," मुकादम म्हणाला.

"ठरलेलं पाणी पडलंय ना? मग चहा मागा, पाणी मागू नका."

"दोन बादल्यांनी काय घर पडणार आहे?"

"पडत नाही, गळतं. मागचं स्वयंपाकघर तुम्हीच बांधलंत. पावसाळ्यात मी फोडणी देताना छत्री धरायला येता का?"

मजूर हसले. मुकादमही हसला आणि फावडं घेऊन स्वतः माल पसरू लागला.

पातळ माल सहज पसरतो, सगळ्यांचे कष्ट वाचतात. जादाचं पाणी पुढे उडून जातं आणि त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात. काम सोपं करणारी गोष्टच ते कच्चं करते, आणि त्या दिवशी ते कुणालाच दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी मुकादम पुन्हा पाणी मागायला आला. स्लॅब आता घट्ट झाला होता. तो पक्का व्हावा म्हणून यापुढे सतत भिजता ठेवायचा होता. वहिनींनी पिंपाचं झाकण स्वतः काढलं.

"आता घ्या हवं तेवढं," त्या म्हणाल्या आणि पहिली बादली त्यांनीच भरून दिली.