डांबराची डाळ

लोधीपुऱ्यातल्या विहिरीच्या जड पाण्यात तुरीची डाळ शिजत नसे, म्हणून आम्ही छपराचं पावसाचं पाणी रांजणात धरायचो. त्या साली मी घरावरचे मातीचे कवेलू उतरवून गल्लीत पहिले पत्रे ठोकले आणि गंजू नयेत म्हणून वरून डांबर फासलं.

मुलीला पाहायला तुकईथडचे पाहुणे आले. पहिल्याच घासाला मुलाच्या बापाने ताट सरकवलं.

"व्याही व्हायच्या आधीच डांबर पाजता का?"

मी डाळ चाखली अन् हादरलोच. कडू जहर! माझ्या नव्या छपराचं पाणी असं? आत मुलगी रडू लागली. बायकोने गोठ्याच्या कवेलूंवरून गळून बादलीत साठलेलं पाणी आणून पुन्हा डाळ टाकली. पाहुणे जेवले, सुपारीही फुटली.

पत्रे मी उतरवले नाहीत. रांजण मात्र गोठ्याकडे नेला.