दारापुढचा खंदक

लढाईच्या दिवसांत फौजेतले काका रजेवर माणातल्या आमच्या गावी आले. आमची गल्ली उताराची. पाऊस कोसळला की सगळं पाणी ओढ्याला पळायचं आणि महिन्याभरात आड कोरडा. काकांनी दारापुढं खंदक खणला, कडेला गवत लावलं, पन्हळीचं पाणी त्यात सोडलं. पण 'खंदक' म्हटल्यावर आईनं आधी आभाळाकडं पाहिलं. म्हणजे विमानं येणार!

"आवं वैनी, पाणी मुरवायला हाय त्यो," काका म्हणाले. धीर द्यायला खोटं बोलतात, असंच तिला वाटलं.

काका गेल्यावर आठवड्याभरात, भर दुपारी आभाळ धडाडलं. आईनं आम्हा दोघी बहिणींना खंदकात ढकललं आणि वरून पांघरुणासारखी वाकली. पाऊस कोसळला, पन्हळ खंदकात ओतायला लागली; पाणी घोट्याला लागलं, मग गुडघ्याला. "डोकी वर काढू नका गं!" ती ओरडत होती. शेजारणीनं आम्हाला ओढून बाहेर काढलं.

काकांनी नुसतं 'खड्डा' म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं?

त्या वर्षी आड शिमग्यापर्यंत आटला नाही. गल्ली खूश होती. आई मात्र जरा गडगडलं की आमचे पाय कोरडे आहेत का, ते चाचपायची.