सुगीच्या हर्राशीतलं औषध

संकटात विश्वास टिकवा, असं सांगणाऱ्यांवर माझा राग नाही. मी जन्मभर तेच करत आले. माझा राग आहे तो दुसऱ्याच्या संकटावर उभं राहून आपला आवाज मोठा करणाऱ्यांवर. असा एक माणूस आमच्या गावात तीन दिवस येऊन गेला. तो परत आला नाही. राग मात्र अजून आहे, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

आमचं गाव केळापूरच्या अंगाला. ख्रिस्ती घरं मोजकी, बाकी गाव हिंदूंचं आणि बौद्धांचं. आमचं चर्च म्हणजे टिनाचं छप्पर, खाली सतरंज्या आणि समोर एक सागवानी टेबल. ते टेबल माझ्या आज्यानं केलेलं. त्याच्यावर प्रभुभोजन होतं, आणि सुगीच्या रविवारी त्याच्यावरच सगळ्यांची अर्पणं ठेवतात. कुणी तुरीच्या शेंगा आणतं, कुणी कोहळं, कुणी पहिल्या वेचणीचा कापूस. एकदा त्या टेबलावर ठेवलं की ते प्रभूचं झालं. ज्यानं दिलं त्यालाही ते उचलता येत नाही. उपासना झाली की त्या वस्तूंची हर्रासी होते आणि ज्याची बोली वरची त्याला वस्तू मिळते. बोली पैशाचीच पाहिजे असं नाही. घरचं धान्य, कोंबडी, काहीही चालतं. फक्त बोललेली बोली मागे घेता येत नाही.

वर्षभरात आम्ही एवढं हसतो ते त्याच दिवशी. माझी नणंद माझ्यावर चढती बोली लावल्याशिवाय राहत नाही. मी कारलं मागितलं तर तिला कारलंच पाहिजे. घरी तिच्या वेलीला ढीगभर कारली असली तरी.

त्या वर्षी कुणाला हसू नव्हतं. बोंड बाहेरून हिरवंगार, उकललं की आत गुलाबी अळी आणि सडून कडक कवडी झालेला कापूस. फवारलं तरी अळी मरेना, म्हणून लोक आणखी जहाल औषध फवारू लागले. कापसाची पऱ्हाटी डोक्याच्या वर वाढली होती. पंप पाठीवर, फवारा वर धरलेला, आणि वारा फिरला की सगळं तोंडावर. माझा मुलगा मजुरीनं दुसऱ्याच्या शेतात फवारायला जायचा. एक दिवस दुपारीच परत आला, दाराला धरून उभा राहिला आणि म्हणाला, "माय, मले दोन-दोन दिसून राह्यलं." मग ओकला आणि तिथंच बसला.

यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात एकेका खोलीत अशीच माणसं भरली होती. शेजारच्या खाटेवरचा घरी गेला नाही. माझा मुलगा जगला, पण डोळ्यांच्या बुब्बुळांवर जखमा झाल्या. दिवसाउजेडी त्याला माणसाचा आकार तेवढा दिसायचा. घरी सोडताना डॉक्टरनं माझ्या सुनेच्या हातात थेंबाची बाटली दिली आणि बजावलं, "हे बंद करायचं नाही. बंद केलं तर डोळे गेले समजा."

आमचे नेहमीचे पाळक दवाखान्यात आले होते. भाकरी आणली, खाटेजवळ बसले, काही बोलले नाहीत. मला ते बोललेल्यापेक्षा बरं वाटलं.

मग दिवाळीनंतर हा मोठा उपदेशक आला. संजीवन सभा होती, तीन दिवसांची, शेवटचा दिवस सुगीचा रविवार. मोठ्या शहरातून आलेला, जाड भिंगाचा चष्मा, सोबत भोंगा. चर्चमध्ये माणसं किती आणि भोंगा केवढा! विषय होता विश्वासाचं नवीकरण.

पहिल्या दिवशी तो बरं बोलला. शेत दरवर्षी वखरावं लागतं तसा विश्वासही वखरावा लागतो, नाहीतर तण माजतं, असं म्हणाला. मी मान डोलावली. ते खरंच आहे.

दुसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, "तुमच्याच बोंडात अळी का आली?" आणि स्वतःच उत्तर दिलं. तुमचा विश्वास पातळ झाला म्हणून. तुम्ही शेजाऱ्याच्या पूजेचा प्रसाद खाता म्हणून. मी इकडेतिकडे पाहिलं. कुणी तोंड वर करेना. अळी तर सगळ्या गावाच्या कापसात होती. शेजाऱ्यांनी मग कुणाचा प्रसाद खाल्ला होता?

पुढे त्यानं राखेत बसलेल्या त्या माणसाची गोष्ट सांगितली. शास्त्रातला तो, ज्याची गुरं गेली, लेकरं गेली, अंगभर फोड आले तरी त्यानं देवाला सोडलं नाही. त्याची बायको मात्र वाईट, म्हणाला, ती देवाविरुद्ध बोलली. मी चौथीपर्यंत शिकले, पण ती गोष्ट मी पुष्कळदा वाचली आहे. मेलेली लेकरं तिच्याही पोटची होती, हे कुणी उपदेशक सांगत नाही. आणि त्या माणसाकडे मित्र आले होते, 'तूच काहीतरी पाप केलं असशील' म्हणणारे. शेवटी देव रागावला तो त्या मित्रांवर. हा माणूस आमच्याकडे त्या मित्रांचं काम करायला आला होता आणि त्याला ते कळत नव्हतं.

हे मी तेव्हा बोलले नाही. माझं लक्ष मुलाकडे होतं. तो पुढे बसला होता, अगदी भोंग्याखाली, मान वर करून. काम गेलेलं, उजेड गेलेला. तहानलेलं माणूस पाणी पितं तसा तो ऐकत होता.

रविवारी टेबल भरलं. अळीचं वर्ष होतं तरी लोकांनी काहीबाही आणलंच. मग उपदेशक म्हणाला, "आज नुसती कोहळी ठेवू नका. देवापेक्षा ज्याच्यावर तुमचा जास्त भरवसा आहे ते आणून ठेवा आणि नवे होऊन घरी जा." एकानं तंबाखूची पुडी ठेवली. एकीनं मनगटातला काळा दोरा सोडून ठेवला. लोक 'हालेलुया' म्हणाले. आणि माझा मुलगा उठला. माणसांच्या खांद्यांवर हात ठेवत, चाचपडत पुढे गेला, खिशातून थेंबाची बाटली काढली आणि कोहळ्याच्या शेजारी ठेवली.

सून पुढे धावली. आमचे पंच, आमच्यातले सगळ्यांत म्हातारे, त्यांनी तिचा हात अडवला. "टेबलावरचं उचलता येत नाही, बाई," म्हणाले. नियम म्हणजे नियम.

उपदेशकानं मुलाच्या डोक्यावर हात ठेवला. "पाहा, याला म्हणतात विश्वास! प्राणघातक विषसुद्धा विश्वास ठेवणाऱ्याला बाधत नाही."

यवतमाळ जिल्ह्यात, त्या वर्षी, फवारणीच्या विषानं आंधळ्या झालेल्या माणसाच्या डोक्यावर हात ठेवून तो हे बोलला. शेजारच्या खाटेवरच्या माणसाचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर आला. त्याचा विश्वास कोणता होता मला माहीत नाही. विषानंही विचारलं नव्हतं.

मला वाटलं उठावं आणि त्या उपदेशकाच्या मुस्काटात द्यावी. पण मग मुलगा त्याच्याच बाजूला गेला असता. मी बसून राहिले आणि हर्राशीची वाट पाहिली.

हर्रासी पंच करतात. कापूस गेला, शेंगा गेल्या, कोहळं गेलं. तंबाखूची पुडी आली तसं मागून कुणीतरी ओरडलं, "भाऊ, दोन अंडी! मले तर पाप लागलंच हाय, आता तंबाखू तरी लागू द्या." लोक हसले. उपदेशक उठला. "थांबा. या वस्तूंचा लिलाव नाही. ह्या फेकून द्यायच्या."

मी उभी राहिले. "काहून? टेबलावरच्या सगळ्याची हर्रासी होते. माह्या आज्यापासून होते."

"आजी, ही पापाची ओझी आहेत."

"मंग ती शिशी पापाची हाय का? सरकारी डॉक्टरनं देल्ली हाय."

तो काही बोलायच्या आत मी पंचांकडे वळले. "भाऊ, नियम सांगा. माह्या सुनेले सांगतला तसा यायलेही सांगा."

पंचांनी एकदा उपदेशकाकडे पाहिलं, एकदा टेबलाकडे. मग बाटली हातात घेतली आणि वर धरली. "औषधाची शिशी. बोला."

"एक कोंबडी," मी म्हणाले.

आणि तेवढ्यात दारातून आवाज आला, "दोन कोंबड्या!"

माझी नणंद. ती बाहेर चुलीवर जेवणाचं पाहत होती. आत येता येता तिला माझा बोलीचा आवाज ऐकू आला, एवढंच. हातात पळी तशीच.

मी तिच्याकडे पाहिलं. "बाई, कायची बोली चालू हाय, माहीत हाय का तुमाले?"

"असन काही. तुले पाहिजे म्हणजे चांगलंच असन."

"तुमच्या भाच्याचे डोळे हायेत त्या शिशीत."

तिची पळी खाली आली. तिनं टेबलाकडे पाहिलं, मग मुलाकडे, आणि तिला सगळं कळलं. "भाऊ, मी नाई बोलली. माही बोली सोडून द्या."

"बोली माघारी जात नाई, बाई," पंच म्हणाले.

दोन कोंबड्यांच्या वर माझ्याकडे होतं काय? कोंबडी एकच होती. "माही दुभती शेळी," मी म्हणाले.

पंचांनी सगळीकडे नजर फिरवली. "शेळी एक वार. शेळी दोन वार." नणंदेनं पदर तोंडात कोंबून धरला होता, सवयीनं काही निघू नये म्हणून. "शेळी तीन वार." बाटली माझ्या हातात आली.

उपदेशक म्हणाला, "आजी, तुम्ही विश्वासात कमी पडलात. मुलाच्या नवीकरणाच्या आड आलात."

"साहेब, तुमचा चष्मा ठेवा त्या टेबलावर."



"ठेवा साहेब," पंच म्हणाले, "हर्रासी चालूच हाय."

मग जे हसू फुटलं ते त्या वर्षातलं पहिलं मोकळं हसू होतं. उपदेशकानं चष्म्याला हात लावला, नीट बसवला, आणि खाली बसला.

मुलगा हसला नाही. मी त्याच्यापुढे जाऊन बसले तर त्यानं तोंड फिरवलं. "माय, मी देवाले देऊन टाकलं होतं."

"देल्लं ना? बरं केलं. देवानं हर्राशीत काढलं, मी शेळी देऊन घेतलं. आता हे माहं हाय. माहा माल मी पाहिजे तिथं टाकीन. मान वर कर."

"माहा विश्वास कमी पडला म्हणतीन लोक."

"लोकायच्या घरची शेळी गेली का? मान वर कर."

सून मागे उभी होती, तिनं हळूच त्याच्या हनुवटीला बोट लावलं. त्यानं मान वर केली. मी तिथेच, प्रभूच्या टेबलासमोर, दोन्ही डोळ्यांत थेंब टाकले.

उपदेशक जेवून गेला. कोंबडीचं जेवण होतं, नणंदेनंच रांधलं होतं. पोटभर जेवला.

शेळी चर्चला गेली. त्या दिवसापासून वर्षभर नणंदेच्या घरून आमच्या चहाचं दूध येत राहिलं. पुढच्या रविवारी मी चर्चमध्ये माझ्या जागेवर बसले तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "वयनी, देवावर रागावली नाई तू?" मी म्हटलं, "देवावर कायले? त्यानं थोडंच सांगतलं होतं शिशी ठेव म्हणून."

विश्वास नवा करायचा म्हणजे काय, हे मला त्या सभेत कुणी शिकवलं नाही. सून रोज सकाळी उठून त्याच्या पापण्या कोमट पाण्यानं पुसायची आणि थेंब टाकायची. कापूस गेला, कामाचा पत्ता नव्हता, नवरा धड बोलत नव्हता, तरी तिनं एक दिवस चुकवला नाही. मला विचाराल तर ते तेच होतं. तिनं त्याला कधी नाव दिलं नाही.

एका डोळ्यानं दिसू लागलं. दुसऱ्यावर सारा, पांढरा पडदा, राहिला तो राहिलाच.

सून मजुरीला गेली की थेंब मी टाकायची. बाटली उघडली की मुलगा मान मागे टाकून डोळे मिटून घ्यायचा आणि ओठ हलवायला लागायचा. मी म्हणायची, प्रार्थना कर बापा, कर. पण डोळे उघडे ठेवून कर.