राखून ठेवलेलं भाषण

काचवाल्यांना राग यायचा तो फक्त रस्त्यांचा. बाकी माणूस सुखी. घर स्वतःचं, बायको हसरी, मुलगी कमावती, आणि या वयातही दात सगळे जागेवर. खिडक्यांच्या काचा उभ्या बांधून नेणारी व्हॅन त्यांनी आयुष्यभर चालवली, म्हणून सगळे त्यांना काचवालेच म्हणत. बायकोसुद्धा रुसली की तेच म्हणायची. पण व्हॅन खड्ड्यात गेली आणि मागून काच कण्हली, की या सुखी माणसाच्या तोंडाचा पट्टा सुटायचा. ऐकायला कुणी नसलं तरी त्यांचं काही अडत नसे.

रविवारी सकाळी मात्र ऐकणारे असत. टँकरवाला आणि बसवाला त्यांच्या बाहेरच्या खोलीत येऊन बसत, चहावर चहा होई आणि रस्त्यांच्या नावाने खडे फोडले जात.

बसवाला किनाऱ्याकडचा. "आमच्याकडे खड्डे नाहीत," तो ऐटीत सांगायचा, "कारण आमच्याकडे रस्ताच नाही. वाळूत मधूनमधून डांबर सापडतं, एवढंच."

"तुमचं निदान दिसतं तरी," टँकरवाला म्हणायचा. तो सपाटीवरून दूध आणायचा. "आमचा रस्ता लांबून बघावा तर आरसा. म्हणून माणूस वेग घेतो, आणि मग कळतं. मी दूध घेऊन निघतो आणि लोणी घेऊन पोहोचतो."

आपलाच रस्ता जास्त वाईट, हे पटवून देताना दोघांनाही असा काही चेव चढे, की घरचं पोर पहिलं आल्याचं सांगताहेत असं वाटावं. काचवाले सगळं शांतपणे ऐकून घेत आणि मग आपल्या रोजच्या डोंगराच्या रस्त्याचं नाव काढत. त्या रस्त्यापुढे कुणाचीच मात्रा चालत नसे.

त्या रस्त्यासाठी काचवाल्यांनी एक भाषण तयार करून ठेवलं होतं. हा रस्ता दुरुस्त करणारा महाभाग कधी ना कधी समोर येईल, आणि ऐनवेळी शब्द सुचले नाहीत असं होता कामा नये. म्हणून गाडीत एकटे असताना ते भाषण घोकत. दर खेपेला एखादं वाक्य वाढे, एखादं गळे. गेल्या काही वर्षांत ते इतकं छान जमून आलं होतं, की ऐकणारा भेटत नाही याचीच त्यांना हळहळ वाटे.

काचवाले ज्या कारखान्याच्या काचा नेत, त्याच्याच ऑफिसात मुलगी कामाला होती. जिभेने थेट बापावर गेलेली, आणि बापाची लाडकीही तितकीच. एक दिवस जेवताना तिने सांगून टाकलं, "बाबा, मला एकजण आवडलाय. रविवारी घरी आणते."

"करतो काय?"

"बांधकाम खात्यात आहे. नोकरी कायमची."

कायमची म्हटल्यावर काचवाल्यांनी एक घास जास्त खाल्ला. स्वयंपाकघरात मात्र मुलीने आईला सगळं खरं सांगितलं. आई कपाळाला हात लावून हसतच सुटली.

"हसू नकोस गं," मुलगी म्हणाली. "बाबांना तो आवडला नाही ना, तर लग्न होईलही, पण मला सुख लागणार नाही."

"मग आत्ताच सांगून मोकळी हो."

"आधी माणूस बघू देत त्यांना. काम मागाहून."

रविवारी येऊ नका असं दोन्ही मित्रांना बजावलेलं होतं. म्हणून ते नेहमीपेक्षा लवकर आले, इस्त्रीचे शर्ट घालून.

मुलगा आला. वागायला नीट, बोलायला कमी. मान उन्हाने रापलेली, आणि घासूनघासूनही नखांच्या कडेला काळं राहिलेलं. टँकरवाल्याची नजर नेमकी तिथे गेली.

"बांधकाम म्हणजे इमारती का?"

"नाही काका, रस्ते. डोंगराकडचा पट्टा, राहतोही तिकडेच. खड्डे बुजवणाऱ्या टोळीचा मी मुकादम आहे."

बसवाल्याने कप खाली ठेवला. आतून येणारी मुलगी ट्रे घेऊन दारातच थबकली. मग बांध फुटला. बसवाल्याने आपल्या कमरेचं दुखणं सांगितलं, त्याचा त्या रस्त्याशी काडीचा संबंध नसताना. टँकरवाल्याने तुटलेल्या स्प्रिंगा सांगितल्या. मुलगा मान हलवत ऐकत होता. कंत्राटदार नाही, साहेब नाही, पाऊस नाही, त्याने कुणाकडेच बोट दाखवलं नाही.

"तिसऱ्या वळणावरचा तो मोठा?" टँकरवाल्याने शेवटचं अस्त्र काढलं.

"माझाच. खालून पाणी येतं. भरतो, उखडतं. परत भरतो."

आता सगळे काचवाल्यांकडे बघायला लागले. काचवाल्यांनी दाराकडे पाहिलं. मुलीचा चेहरा पार उतरला होता. भाषण ओठांशी येऊन अडलं होतं, गिळवत नव्हतं आणि बोलवतही नव्हतं.

"अहो, म्हणून टाका एकदाचं," बायको म्हणाली. "नाहीतर आजन्म तुम्हाला अन्न गोड लागायचं नाही."

मग काचवाले उभे राहिले आणि त्यांनी भाषण केलं. काय ते भाषण! डांबरापासून सुरुवात झाली, खडीवर आलं, रोलरची हजेरी घेतली, फुटलेल्या एकेका काचेचं नाव काढून झालं. आवाज चढला, डोळे चमकले. बसवाल्याने दोनदा "वा!" म्हटलं. मुलगा उठून उभा राहिला होता आणि तसाच, हात मागे बांधून, ऐकत होता. आणि इतक्या वर्षांच्या सवयीने काचवाले सरळ शेवटावर येऊन धडकले.

"आणि देव करो, तुझ्या सासऱ्याला जन्मभर याच रस्त्याने यावं लागो! आणि दर खड्ड्याला त्याने तुझंच नाव घ्यावं!"

हा शेवट त्यांनी मोठ्या विचाराने बांधला होता. साहेबाला कुणी भीत नाही, पण सासऱ्यापुढे भल्याभल्यांना मान खाली घालावी लागते.

आपण कुणाला शाप दिला हे काचवाल्यांच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. टँकरवाला पोट धरून हसायला लागला. "अरे, म्हणजे तुलाच की रे!"

लग्न झालं की पोर डोंगरावर जाणार, आणि हा रस्ता तिच्या नि आपल्या मध्ये राहणार, हेही काचवाल्यांना आत्ताच कळलं. पण समोरच्या पोराने इतकं ऐकूनही तोंड वेडंवाकडं केलं नव्हतं. आपल्या मुलीच्या जिभेपुढे टिकेल असा माणूस असेल तर हाच, एवढं त्यांना पक्कं समजलं, आणि डोळे भरून आले.

"बाबा," मुलीने हळूच विचारलं, "म्हणजे हो ना?"

काचवाल्यांनी तिच्या हातातला ट्रे घेतला आणि स्वतः जावयापुढे धरला.

"ते तिसरं वळण आधी नीट कर," ते म्हणाले. "सारखं येणं होणार आहे माझं."