मंगलच्या कासवाचं वजन

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, माहेरी आईजवळसुद्धा नाही. तशी माझ्या पोटात एक गोष्ट राहत नाही, असं आमच्या वडवणीकडच्या गावात सगळेच म्हणतात — आणि ते खरंच आहे. तोंडावर बोलणारी बाई मी. हे एवढं एक मात्र चार वर्षं आत राहिलं. आता तुम्हाला सांगते.

मी अंगणवाडी सेविका. अठरा वर्षं पोरांची वजनं करते. वर टांगलेला काटा, त्याला झोळी, झोळीत रडणारं पोर — काटा थरथरत असतानाच मी आकडा सांगते आणि तेवढंच भरतं. वजनात माझा हात धरणारं तालुक्यात कुणी नसेल. हे मी फुशारकीनं सांगत नाही... बरं, फुशारकीनंच सांगते. पण पुढचं कळायला ते लागेल.

मंगल माझी धाकटी जाऊ. एकाच अंगणात आमच्या दोन चुली, मधे कडुलिंब. तिच्या भावानं पुण्याहून तिला एक कासव आणून दिलं होतं. तिनं त्याचं नाव ठेवलं पाटील, कारण ते अंगणातून असं चालायचं की आपणच बाजूला व्हावं. घरात असेल ते ती त्याला घालायची — भाकरी, भात, शेव. पाटील सुटत गेले. पाय आत ओढले तरी कवचाबाहेर मांसाच्या वळ्या राहायच्या. येणारे-जाणारे म्हणायचे, काय तब्येत केलीय! मंगलला मात्र शंका आली. पिशवीत घालून आम्ही दोघी त्याला वडवणीला गुरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो.

"बैल हाय का बाई हा? भाकर कावून घालता?" डॉक्टर तिच्यावर डाफरले. "असलं जनावर पाळायचंच नसतंय. आता पाळलंय तर नुसता हिरवा पाला द्या. न्हाई तर ही चरबीच त्याचा जीव घेईल."

मीही ऐकलं ते. शेजारीच उभी होते.

त्या दिवसापासून मंगलनं भाकरी बंद केली. बांधावरची घोळ, शेवग्याचा पाला, काटे काढलेलं निवडुंग — एवढंच. आणि दर सोमवारी वजन. "वजनातलं तुमालाच कळतंय अक्का," म्हणत ती पाटलाला माझ्या झोळीत आणून ठेवायची.

वजन उतरेना. आणि उतरणार तरी कसं? रोज सकाळी मंगल शेतात गेली की मी त्याला गूळ लावलेली चपाती घालत होते.

का? दिवाळी झाली की अर्धं गाव ऊसतोडीला जातं, पोरंही आईबापांबरोबर जातात. माझ्या अंगणवाडीत तिसांतली पाच-सहा उरतात. भरवायची सवय लागलेली बाई मी, रिकाम्या हातानं काय करू? — असं मी बरेच दिवस स्वतःला सांगितलं. पण ते कारण नव्हतं. खरं असं, की माझा स्वतःचा मुलगा मंगलच्या चुलीपाशी जेवायचा. माझी भाजी ताटात टाकून उठायचा आणि काकूची चटणी मिटक्या मारत खायचा. मला ते खुपायचं. आणि तिचं कासव — तिचं! — तिच्या पाल्याकडे पाठ करून, अख्खं अंगण तुडवत माझ्या उंबऱ्याशी येऊन मान वर करायचं. काय सांगू, जिंकल्यासारखं वाटायचं मला.

सोमवारी मी आकडा खराच सांगायचे. तीन किलो चारशे. पुढच्या सोमवारी पुन्हा चारशे. मग पाचशे. मंगलचा चेहरा पडायचा. आणि मी — मी तिला म्हणायचे, तुझाच हात सैल आहे, अजून कमी घाल. तिनं पाला निम्मा केला. मग एक दिवसाआड केला. तो उपाशी आणि आपण कसं जेवायचं, म्हणून तिनं स्वतः सोमवारचा उपास धरला. त्या उपासाची भगर मीच तिला करून द्यायचे.

चैत्रातली गोष्ट. ऊन तापायला लागलं होतं. काढणीच्या गडबडीत महिनाभर सोमवारचं वजन राहून गेलं होतं. सकाळी पाटील नेहमीसारखे उंबऱ्याशी आले, तुकडा घेतला आणि तिथेच बसून राहिले. भांडी घासून आले तरी तिथेच — मान बाहेर, डोळे मिटलेले. हात लावून पाहिला आणि समजलं. मी मंगलला शेतातून हाक मारून आणलं.

ती रडली नाही. म्हणाली, "एकदा वजन करा अक्का. उतरलं होतं का न्हाई, तेवढं सांगा."

मी त्याला झोळीत ठेवलं. काटा तीन किलो सहाशेवर थांबला. मंगल काट्याकडे बघतच नव्हती, पाटलाकडे बघत होती. मी म्हणाले, "अडीच."

अठरा वर्षांतला माझा तो एकुलता एक खोटा आकडा.

मंगलनं झोळीतल्या कवचावरून हात फिरवला. "म्या मारलं त्याला. उपाशी ठिवून ठिवून मारलं." मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, असू दे गं, तुला काय ठाऊक होतं? किती शांतपणे म्हणाले! आवाजसुद्धा हलला नाही माझा.

चार वर्षं झाली. चूल पेटवायच्या आधी मंगल अजून कडुलिंबाच्या बुंध्याशी मूठभर घोळ ठेवते. सोमवारचा उपासही सोडलेला नाही. भगर अजून मीच करते, आणि ती म्हणते, अक्का, तुमच्या हाताला चव हाय.

एक सांगायचं राहिलं. त्या सकाळी मंगलला हाक मारायच्या आधी मी पदराचं टोक ओलं केलं होतं. पाटलाची मान हातात घेतली आणि तोंडाला लागलेला गूळ पुसून काढला. अंगणवाडीतल्या पोरांचं तोंड पुसते तसा, हलक्या हातानं. नीट पाहून घेतलं, कुठं राहिला नाही ना. आणि मग हाक मारली.